सहाव्या भागात तरी

ताई आतापर्यंत पाच वेळा मेली होती, आणि पाचही वेळा संध्याकाळच्या जेवणाला वेळेवर घरी पोचली होती.

पहिल्यांदा मेली तेव्हा ती कॉलेजात होती. ‘वर्ग रिकामा आहे’ नावाचा, अंगावर काटा आणणारा एक सिनेमा तेव्हा निघाला. काही मुलं पैज लावून सुट्टीतल्या बंद शाळेत शिरतात, आणि पांढरा मुखवटा घातलेला एक धिप्पाड माणूस, फळ्यावर वर्तुळ काढायचा मोठा लाकडी कंपास हातात घेऊन, एकेकाला गाठत जातो. गोष्ट एवढीच. ताई त्यात मागच्या बाकावरची मुलगी होती. तिच्या वाट्याला दोन वाक्यं आली आणि एक किंकाळी. वाक्यं कुणाच्या लक्षात राहिली नाहीत. किंकाळी मात्र अशी निघाली की शेजारच्या इमारतीतून माणसं धावत आली, आणि त्यांना सरबत पाजून, समजूत घालून परत पाठवावं लागलं.

तो सिनेमा थिएटरात लागला आणि चालला. त्या एका पुण्याईवर पुढचे भाग निघत राहिले, पण थिएटरचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नाही. ते आधी थेट कॅसेटवर निघायचे आणि मग डिस्कवर. व्हिडिओच्या दुकानात सगळ्यात खालच्या फळीवर, व्यायामाच्या आणि झोपेच्या डिस्कच्या मधे त्यांची जागा असे. तरी ते नेणारी पोरं होती. वाकून, इकडेतिकडे बघून, आईबापांची नजर चुकवून न्यायची, आणि परत करताना पुढचा भाग कधी येणार म्हणून विचारायची. मूळच्या मंडळींपैकी या उद्योगात कोणीच उरलं नव्हतं. दिग्दर्शक बदलला, नायक-नायिका मोठे झाले आणि या सिनेमांचं नाव काढलं की विषय बदलू लागले. उरली ती ताईची किंकाळी. दुसऱ्या भागात ती मेलेल्या मुलीची जुळी बहीण झाली, तिसऱ्यात मावसबहीण. नाती संपली तेव्हा ग्रंथालयातली बाई, मग वसतिगृहाच्या मॅडम. एरवी ती औषधांच्या दुकानात काउंटरवर असायची, आणि खोकल्याचं औषध घ्यायला आलेली पोरं तिच्याकडे बघून मधेच खोकायची थांबायची.

दुसऱ्या भागापासून दिग्दर्शन छोटेदादांकडे आलं. छोटेदादा म्हणजे चारचौघांच्या छातीएवढा उंच, सदा घाईत आणि सदा हसतमुख माणूस. त्यांच्या युनिटचा एक अलिखित नियम होता. ज्याला लवकर घरी जायचं असेल, त्यानं मरून जायचं.

याची सुरुवात झाली ती एका परीक्षेमुळे. नायकाच्या मित्राचं काम करणारा मुलगा ऐन दुपारी घड्याळाकडे बघायला लागला. दुसऱ्या दिवशी त्याची तोंडी परीक्षा होती आणि पुस्तकाला हात लागला नव्हता. छोटेदादांनी डोकं खाजवलं, मुखवटेवाल्याला हाक मारली आणि मुलाला जिन्यात मारून टाकलं. मुलगा मान पुसत अभ्यासाला गेला. सिनेमा तयार झाल्यावर कळलं की कुठं काही अडलं नाही. पडद्यावरचं माणूस एकाएकी दिसेनासं झालं तर लोक विचारतात, तो गेला कुठे. मेलं की कुणी काही विचारत नाही. तेव्हापासून कागदावर कथा काहीही असो, कोण केव्हा मरणार हे ज्याच्या त्याच्या घरच्या अडचणीवर ठरू लागलं. ‘दादा, उद्या मला जरा’ एवढं कुणी बोललं की बाकीची मंडळी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायची, फार चांगला होता हो बिचारा.

आणि ताईला तर रोजच जरा लवकर जायचं असायचं.

त्याला कारण आई. ताईचे वडील गेल्यापासून आई एकटी जेवत नसे. तिनं ते नेमासारखं धरलं होतं. दोन ताटं मांडायची, वर झाकणं ठेवायची आणि लेकीची वाट बघत बसायची. ताई उशिरा आली तर आईचं जेवण उशिरा, आणि जेवण उशिरा झालं की तिचं पित्त खवळायचं आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागायचा नाही. म्हणून ताई शूटिंगच्या पहिल्याच दिवशी छोटेदादांना सांगून टाकायची की मला संध्याकाळी थांबता येणार नाही. छोटेदादा मान हलवायचे. पहिल्या पंधरा मिनिटांत ताईचा निकाल लागलेला असायचा.

आता गंमत अशी की या मरणांचा सगळ्यात जास्त त्रास आईलाच व्हायचा. आई म्हणजे वाटेत मुंगी दिसली तर पाय वळवून टाकणारी बाई. असले सिनेमे तिनं जन्मात पाहिले नसते, पण लेकीचं काम म्हणून बघायची. खुर्चीत हात जोडून बसायची. पडद्यावर लेक आली की शेजारी बसलेल्या लेकीकडे एकदा बघून खात्री करून घ्यायची. आणि पडद्यावरची लेक मेली की रिमोट उचलून यंत्र बंद करायची. मग थोडा वेळ डोळे मिटून बसायची. त्या उरलेल्या पोरांना देवानं सांभाळावं म्हणून. त्यामुळे पाच भाग झाले तरी आईनं एकाचाही शेवट पाहिला नव्हता. पुढे काय झालं ते मी सांगते, असं ताई म्हणायची, तर आई म्हणे, “माझं माणूस गेल्यावर मी तिथं कशाला थांबू?”

तिच्या तक्रारी मात्र नेमक्या असायच्या. दार समोर सताड उघडं होतं, मग मागे वळून काय बघत होतीस? तळघरात जायचंच होतं तर दिवा लावून जायला काय झालं होतं? आणि तो माणूस एवढा हळू चालतो, त्याच्या हाती तू सापडतेसच कशी? ताई हसून सोडून द्यायची. खरं कारण सांगायची तिची छाती झाली नाही. तुझ्या जेवणासाठी मरते, असं आईला कसं सांगणार?

पाचव्या भागानंतर आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. हातात काठी आली, बाहेर जाणं कमी झालं. एके दिवशी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता, जणू भाजी काय करायची ते विचारावं तसं ती म्हणाली, “मी किती दिवसांची कुणास ठाऊक. एका तरी भागात शेवटपर्यंत राहा गं. मला शेवट बघायचाय.”

ताईनं टॉवेलची घडी मोडून पुन्हा घातली.

म्हणून सहाव्या भागासाठी छोटेदादांचा फोन आला तेव्हा तिनं आधीच सांगितलं की या खेपेला मी लवकर जाणार नाही. एकही दिवस नाही. छोटेदादांना आनंद झाला. ते म्हणाले, मग काय प्रश्नच नाही, तुम्ही मुख्याध्यापिका आणि तुम्ही अगदी शेवटपर्यंत. ताईनं फोन ठेवला आणि काउंटरवरच्या गोळ्यांच्या बरण्यांकडे बघून उगाचच हसली. समोर उभ्या गिऱ्हाइकाला वाटलं, आपल्याच दुखण्याला हसली.

शूटिंग सुट्टीतल्या एका शाळेत होतं. शाळा रात्री वापरायला मिळत नव्हती, म्हणून छोटेदादा दिवसाच रात्र करायचे. सगळ्या खिडक्यांना काळा कागद चिकटवला की झाली मध्यरात्र. कुठं फट राहिली तर मध्यरात्री उन्हाची तिरीप यायची आणि कुणीतरी पळत जाऊन चिकटपट्टी लावायचं. रक्त साखरेच्या पाकाचं होतं. त्यामुळे मेलेल्या माणसाला फार वेळ पडून राहता यायचं नाही, मुंग्या यायच्या. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे छातीशी घेऊन जेवायला बसायची.

मुलं भराभर कमी होऊ लागली. एकीची नाचाची स्पर्धा होती, ती प्रयोगशाळेत गेली. दोघांची एकाच दिवशी परीक्षा होती, त्यांना ग्रंथालयात एकाच कपाटाखाली घेतलं. एकाला तर सकाळी उठल्यावर गालफुगी झाली. तो आलाच नाही. मग कपाटामागून त्याचा नुसता बूट दिसेल अशी व्यवस्था केली. बूट लाइटवाल्याचा होता, आणि तो बिचारा दिवसभर एका बुटानं फिरत होता. ताई मात्र टिकली. संध्याकाळी दिवे विझवताना राहिलेली पोरं तिला विचारायची, ताई, आजपण? ताई म्हणायची, आजपण. मग टाळ्या वाजायच्या.

घरी मात्र वेगळंच चाललं होतं. समोरच्या वहिनींना ताईनं गळ घातली होती की संध्याकाळी आईजवळ बसा आणि तिला जेवायला लावा. वहिनी येऊन बसायच्या, गप्पा व्हायच्या, पण ताटावरचं झाकण निघायचं नाही. वहिनींनी एकदा जिन्यात थांबवून हळूच सांगितलं की अहो, त्या मला वाढतात आणि स्वतः बसून राहतात, म्हणतात तुमच्याशी गप्पा मारल्या की पोट भरतं. ताई घरात गेली तर आई खुर्चीत, समोर दोन ताटं. मला भूकच नव्हती गं, म्हणाली. तिच्या ओठांचा रंग उडाला होता. ताईनं दोन दिवस कसेबसे रेटले, आणि शेवटच्या दिवशी सकाळी आईची काठी तिच्या हातात देऊन म्हणाली, आता तूच चल. जेवायची वेळ झाली की तिथंच जेवू.

आई तयारच होती. तिनं सगळ्यांना पुरेल एवढा डबाही भरला.

शेवटचं शूटिंग एका वर्गात होतं. दिव्यांच्या मागे, फळ्याच्या बाजूला आईसाठी खुर्ची ठेवली. ती बसली न बसली तोच एक धिप्पाड माणूस वाकून खुर्चीच्या खाली बघू लागला. डोक्याला टक्कल, नाकावर घामोळं, हातात सुईदोरा. हाच मुखवट्यातला खुनी. दुसऱ्या भागापासून हेच काम करत होता. त्याचं खरं नाव कुणी घेत नसे, सगळे कंपासराव म्हणत. एरवी सोफे आणि गाद्या दुरुस्त करायचा धंदा, त्यामुळे कुठलीही बैठक बघितली की त्याचा हात शिवशिवायचा. आई, ही खुर्ची मधे बसलीय, तुमच्या खुब्याला बरी नाही, असं म्हणून त्यानं कुठूनसा फोमचा तुकडा आणला, कापला आणि आईच्या खाली सारला. आईनं डब्यातलं पहिलं त्याला दिलं. त्यानं मुखवटा काखेत मारला आणि तिच्या पायाशी बाकावर बसून खाऊ लागला. इतके भाग ज्याच्या भीतीनं तिनं रिमोट उचलला होता, त्याला ती नाकावर पावडर लाव, रबरानं त्वचा चिडते, असं सांगत होती.

ताई पलीकडच्या बाकावर चेहरा रंगवून घेत होती. मेकअपच्या काकूंनी पाकाची बाटली हलवली आणि सहज विचारलं, जखम मानेला काढू की पोटाशी?

“कुणाची जखम?” ताईनं विचारलं.

“तुमचीच की.”

ताईच्या हातातला आरसा हातातच राहिला. ती उठून छोटेदादांकडे गेली. छोटेदादांनी फार प्रेमानं समजावून सांगितलं. ते फोनवर बोलले होते ते खरंच होतं. शेवटपर्यंत म्हणजे शेवटच्या दृश्यापर्यंत. सगळे गेलेत, तुम्ही एकट्या उरलाय, तुम्हाला वाटतं सुटलो. तुम्ही दार उघडता, आणि दारात तो. तुमची किंकाळी, पडदा काळा. लोकांनी दचकून उठायला हवं ना ताई, त्याशिवाय सातवा भाग कसा निघणार? बोलता बोलता त्यांना स्वतःलाच शहारा आला आणि ते खूश झाले.

ताईला भांडता येत नसे. औषधाच्या दुकानात कुणी चढ्या आवाजात बोललं तरी ती गोळ्या मोजत राहायची. आताही ती बरं म्हणाली आणि परत येऊन बाकावर बसली. एवढे दिवस आईला उपाशी ठेवलं, आणि आता आई समोर बसून बघणार, तेही खरोखरीच्या अंतरावरून. रिमोटसुद्धा नाही तिच्या हातात. काकूंनी विचारलं, मग मान? ताई म्हणाली, काढा मान.

गळ्यावर ब्रश फिरत असताना तिला पलीकडचं बोलणं ऐकू येत होतं. आईनं कंपासरावांना तिचा ठेवणीतला प्रश्न विचारला होता. माझी लेक एवढी हुशार, मग दर वेळी तीच आधी का सापडते तुला? कंपासरावांच्या मनात काही नव्हतं. त्यांनी हसत हसत नियम सांगून टाकला. सापडत नाही हो आई, त्यांना संध्याकाळी घरी जायचं असतं ना, म्हणून. लवकर जाईल त्याला आधी घेतो आम्ही.

ताईला आईकडे बघायचा धीर होईना. बराच वेळ डब्याच्या झाकणाचाही आवाज आला नाही. मग आईनं विचारलं, “कुणालाही? जो लवकर जाईल त्याला?”

कुणालाही, कंपासराव म्हणाले.

“तुला घरी कोण आहे रे?”

कंपासरावांना एक लेक होती, नुकती शाळेत जायला लागलेली. सकाळी निघताना ती झोपलेली, आणि मुखवट्याचं रबर धुऊन, वाळवून, पावडर मारून घरी पोचावं तोवर पुन्हा झोपलेली. इतक्या दिवसांत तिच्याशी धड बोलणं झालं नव्हतं. परवा तिनं आपल्या आईला विचारलं म्हणे, बाबा गावाला गेलेत का.

आईनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. आवाज अगदी हळू, नेहमीसारखाच. “मग आज लवकर जा बाळा. माणसानं जेवायला घरी असावं.”

कंपासराव चावायचे थांबले. त्यांनी आधी आईकडे बघितलं, मग ताईच्या गळ्यावर अर्ध्या रंगवलेल्या जखमेकडे. उरलेला घास संपवला, हात धुतले, आणि मुखवटा दोन्ही हातांत धरून, शाळकरी मुलगा मास्तरांपुढे उभा राहतो तसे ते छोटेदादांपुढे जाऊन उभे राहिले.

“दादा,” ते म्हणाले, “मला आज जरा लवकर जायचं होतं.”

मग लाइटवाल्यानं पुढे होऊन कंपासरावांच्या खांद्यावर हात ठेवला. फार चांगला होता हो, म्हणाला.

छोटेदादांनी आधी हसून बघितलं, मग रागावून बघितलं. खुनी कसा मरेल? पण पोरं ऐकेनात. जी मेली होती तीसुद्धा शेवटचा दिवस म्हणून बघायला आली होती, आणि त्यांचाच आवाज मोठा. मला परीक्षेसाठी मारलंत, मला स्पर्धेसाठी मारलंत, गालफुगीवाल्याला तर नुसत्या बुटावर संपवलंत, मग यांना वेगळा न्याय का? छोटेदादा म्हणाले, मुखवटाच आहे, कोणीही घालेल. लाइटवाल्याला घातला. मुखवटा डोक्याभोवती फिरला, डोळ्यांची भोकं कानांवर आली आणि लाइटवाला फळ्यावर जाऊन आपटला. मग छोटेदादांनी स्वतः घातला. खुन्याचा कोट कंपासरावांच्या मापाचा, एकच होता. तो छोटेदादांच्या मागे जमिनीवरून लोळत आला आणि त्यांनी वर्गातला सगळा खडूचा कचरा गोळा केला. त्यांनी कंपास उगारून ताईकडे झेप घेतली. ताईनं किंकाळी फोडायला तोंड उघडलं आणि हसू फुटलं. मग काकू हसल्या, पोरं हसली, कॅमेऱ्यामागचा माणूस खाली बसून डोळे पुसू लागला. आई तेवढी हसली नाही. ती म्हणाली, अहो, पडाल, सांभाळून.

छोटेदादांनी मुखवटा काढला. घामानं केस कपाळाला चिकटले होते. त्यांनी एकदा खिडकीवरच्या काळ्या कागदाकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे, आणि शेवटी ताईकडे.

“मग ताई,” ते म्हणाले, “तुम्हालाच मारावं लागणार याला.”

काकूंनी ओल्या कापडानं ताईच्या गळ्यावरची जखम पुसून टाकली.

फळा घोडीवर उभा होता. ठरलं असं की खुनी चालत येईल, ताई मागे सरकत फळ्यापर्यंत जाईल, आणि फळा त्याच्या अंगावर लोटेल. कंपासरावांनी आधी फळ्याच्या कडेला आतून फोम लावून घेतला, जमिनीवरही अंथरला, आणि ताईला सांगितलं की घाबरू नका, जोरात लोटा, मला काही होत नाही. ती घाबरली नव्हती. ती त्यांच्याकडे नुसतं बघत होती, आणि काय म्हणायचं ते तिला सुचत नव्हतं. लेकीला काय आवडतं, एवढंच तिनं विचारलं. ते म्हणाले, दोरीच्या उड्या.

पहिल्याच झटक्यात दृश्य झालं. पांढरा मुखवटा, पाय ओढत येणारी ती संथ चाल, कंपासाचं लोखंडी टोक फरशीवर घासत येणारं. ताईनं फळा लोटला. खडूची धूळ छपरापर्यंत उडाली. धूळ खाली बसली तेव्हा फळ्याखाली कंपासराव पसरलेले आणि ताई उभी.

आणि मग तिला काही कळेना. मरायचं कसं ते तिला चांगलं ठाऊक होतं. डोळे मिटायचे, श्वास धरायचा, मुंगी आली तरी हलायचं नाही. पण जिवंत राहिल्यावर चेहऱ्याचं काय करायचं, हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. कॅमेरा चालूच होता. तिनं न राहवून दिव्यांच्या मागे बघितलं. आई काठीवर दोन्ही हात ठेवून बसली होती आणि मानेनं दाराकडे खुणावत होती. जा, दार उघडं आहे, मागे वळून बघू नको.

ताई मागे वळली नाही. वर्गातून बाहेर आली, लांब व्हरांडा चालून गेली, आणि तिनं शाळेचं मोठं दार ढकललं. बाहेर टळटळीत दुपार होती. ऊन धबाबा आत आलं. मागून छोटेदादांचा आवाज आला की चालेल, चालेल, पहाट झाली म्हणू.

जाण्याआधी छोटेदादांनी कंपासरावांकडून एक छोटंसं काम आणखी करून घेतलं. त्याला वेळ लागला नाही. मग कंपासराव मुखवटा न धुताच निघाले. रबर मी धुते, असं काकूंनी सांगितलं होतं.

संध्याकाळी रिक्षातून घरी येताना ताईनं आईला विचारलंच. तुला माहीत होतं ना, तो लवकर गेला तर काय होईल? आई बाहेर बघत होती. मी काही केलं नाही, म्हणाली. जेवायला घरी असावं एवढंच म्हटलं. थोडं पुढे गेल्यावर तिनं ताईचा हात आपल्या मांडीवर घेतला. “आणि तू मला आधी सांगायचं होतंस. मी वहिनींबरोबर जेवले असते.”

डिस्क आली ती एका रविवारी. आईनं खुर्ची पुढे ओढून घेतली. समोरच्या वहिनीही आल्या. नाचवाली गेली, परीक्षेवाले गेले, बूट दिसला. पोरं चांगली आहेत बरं का, आई वहिनींना सांगत होती, हा बूट तर त्यांचा लाइटवाला आहे ना त्याचा. तिचा हात दर वेळी रिमोटकडे जायचा, मग शेजारी बसलेल्या लेकीकडे बघून परत यायचा. शेवटचा वर्ग आला. ताई मागे सरकली. कंपास फरशीवर घासत आला. आईनं श्वास धरला. फळा पडला, धूळ बसली, आणि ताई पडद्यावर उभी राहिली. दाराकडे जातानाचा तिचा चेहरा कसातरीच होता, हसू की रडू कळत नव्हतं. बघून वहिनींनी डोळ्याला पदर लावला. काय काम केलंय हो, म्हणाल्या.

दार उघडलं. पहाट झाली.

मग कॅमेरा परत वर्गात गेला. फळ्याखाली कंपासराव निपचित पडले होते. मुखवट्यावर खडूची धूळ होती. आईचा चेहरा उतरला. रोज पायाशी बसून जेवावं अशा ओळखीचा तो माणूस झाला होता.

“गेला बिचारा,” ती म्हणाली आणि तिनं रिमोट उचलला.

ताईनं पटकन तिचा हात धरला. “थांब. अजून थोडं आहे.”

पडद्यावर सगळं स्तब्ध होतं. मग फळ्याच्या कडेखालून एक हात दिसला. त्याची करंगळी हलली, मग सगळी बोटं, आणि ती हळूच कंपासाच्या दांड्याभोवती मिटली. तिथं संगीत एकदम असं वाजलं की वहिनी खुर्चीतून हातभर उडाल्या.

आईचा जीव भांड्यात पडला.

“जिवंत आहे गं,” ती म्हणाली. तिनं दोन्ही हात जोडले, आणि पडद्यावर सगळ्यांची नावं वर सरकून संपेपर्यंत बसून राहिली.